राज्याचा शोधव्यय आणि तो मोजण्याचें माप
(कुलाबा-अलिबाग वेधशाळेच्या आधारें)

जुन्या दप्तराचे रुमाल सोडून ताळेबंद वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस एक गोष्ट नव्यानें सांगावयास नको. रक्कम वाचणें सोपें, सदर वाचणें कठीण. अमुक सालीं अमुक हजार रुपये खर्च पडले एवढें कागद सांगतो. परंतु ते ज्या सदराखालीं पडले त्या सदरांत दुसरें काय काय घातलें जात असे आणि कारकुनानें त्यांतून काय वगळलें, हें त्या एका आंकड्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं रोजकीर्द चाळावी लागते, खतावणी ताडून पाहावी लागते, आणि इतकें करूनही कधीं कधीं हात रिकामाच राहातो.

असाच एक आंकडा अलीकडे वारंवार वाचनांत येतो. भारतानें २०२०-२१ या वर्षांत संशोधन व विकास या सदराखालीं १,२७,३८०.९६ कोटी रुपये खर्च केले, आणि हा खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, असें केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्यानें प्रसिद्ध केलेल्या सांख्यिकींत नमूद आहे. त्यापूर्वीं दहा वर्षें, म्हणजे २०१०-११ सालीं, हीच रक्कम ६०,१९६.७५ कोटी होती. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दिलेला आंकडा पाहिला म्हणजे वाचकाच्या मनांत एक प्रकारचा दरारा उत्पन्न होतो. परंतु मोहोर व शिक्का दिसला कीं पत्र अस्सल, असें आपण मानीत नाहीं. मग या आंकड्यासच ती सवलत कां द्यावी? कोणीं लिहिला, कोणत्या कागदांवरून लिहिला, काय जमेस धरलें व काय सोडलें, हे प्रश्न येथेंही विचारले पाहिजेत. प्रस्तुत लेखांत ते विचारण्यासाठीं आम्हीं रायगड जिल्ह्याचा किनारा, व त्यांतही विशेषतः अलिबागची चुंबकीय वेधशाळा, हें साधन घेतलें आहे. एका लहानशा, परंतु अखंड चाललेल्या कामावर माप लावून पाहिलें म्हणजे मापाचा गुणदोष लवकर कळतो.

अलिबागच्या दक्षिणेस मुरूडच्या वाटेवर नांदगाव म्हणून गांव आहे. केशव दैवज्ञ व त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ हे येथले. केशवांचा ग्रहकौतुक शके १४१८ चा, आणि गणेशांचा ग्रहलाघव शके १४४२ चा. ग्रहलाघवानें ज्याचापांचें जड गणित टाळून पंचांगकर्त्यांस इतकी सुलभ वाट करून दिली कीं पुढें कित्येक पिढ्या महाराष्ट्रांत आणि महाराष्ट्राबाहेरही तोच ग्रंथ पंचांगास आधार झाला. परंतु आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट गणेशांच्या गणितांत नसून केशवांच्या वेधांत आहे. निरनिराळ्या सिद्धांतांवरून काढलेले ग्रह आकाशांतल्या ग्रहांशीं मिळत नाहींत, हें त्यांनीं स्वतः पाहिलें. कोणत्या ग्रहास कोणत्या सिद्धांताचें मान जुळतें व किती अंतर पडतें हें नोंदून ठेविलें. आणि पुढील ज्योतिष्यांनींही असेच वेध घेऊन ग्रंथ सुधारीत जावे, असें सांगितलें. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं केशवांच्या या वृत्तीची मुद्दाम वाखाणणी केली आहे, ती यथार्थ आहे. आजच्या कोणत्याही व्याख्येनें पाहिलें तरी हें संशोधन होय. त्यावर खर्च किती झाला? समुद्रकांठीं बसून रात्रीमागून रात्री आकाश पाहाणाऱ्या गृहस्थाच्या जागरणाची किंमत कोणत्याही वहींत मांडलेली नसते. म्हणजे मापाचा पहिला दोष येथेंच दिसतो. जें द्रव्य देऊन करविलें तेवढेंच तें मोजतें.

राजाश्रयानें झालेल्या कामाची गोष्ट किंचित् निराळी. कृष्ण दैवज्ञांनीं करणकौस्तुभ हा ग्रंथ शके १५७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचिला, आणि त्यांतही ग्रहकौतुक-ग्रहलाघवांचें वळण असून वेधाची जोड आहे. राज्याभिषेकानंतर फारसी-यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश सिद्ध झाला. हा तर सरळसरळ राज्यानें सोपविलेला, मुदत व हेतु ठरलेला असा शोधप्रकल्पच म्हणावयाचा. अशा कामाचें पारितोषिक वर्षासन, इनाम, वस्त्रें किंवा धर्मादाय अशा नांवांनीं जातें. ‘शोध’ असें स्वतंत्र सदर आपल्या ताळेबंदांतून नसतें. पुढें पेशवाईंत श्रावणमासच्या दक्षिणेचें प्रस्थ वाढलें. तळेगावास दाभाड्यांनीं चालविलेली ही दक्षिणा डभईच्या लढाईनंतर, म्हणजे १७३१ पासून, पुण्यास पेशव्यांकडे आली. तींत विद्वानाची परीक्षा होऊन दिलेलें द्रव्य व केवळ ब्राह्मणभोजनाचें पुण्य म्हणून वाटलेलें द्रव्य ही एकाच सदरांत गुंतलेलीं आहेत. इंग्रजी अमलांत एल्फिन्स्टननें दक्षिणेची रक्कम बरीच आटोक्यांत आणिली. १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. आणि १८५१ च्या सुमारास दक्षिणेचा एक भाग मराठी ग्रंथरचनेच्या बक्षिसांकडे वळविण्यांत आला. एकच रक्कम, परंतु १७५० सालीं ती धर्म, १८२१ सालीं शिक्षण, आणि १८५१ सालीं ग्रंथोत्तेजन! उद्यां कोणी ‘मराठी राज्याचा शोधव्यय’ या नांवाचें कोष्टक करावयास बसला, तर दक्षिणेची किती दोरी कापून घ्यावयाची हें त्याला स्वतःच ठरवावें लागेल, आणि त्याच्या ठरविण्यावर त्याचा सर्व निष्कर्ष अवलंबून राहील.

आतां वेधशाळेकडे वळूं. प्रथम एक सावधगिरीची सूचना. कुलाबे दोन आहेत. एक मुंबई बेटाचें दक्षिण टोंक. दुसरा अलिबागच्या समोर समुद्रांत शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं बांधावयास घेतलेला जलदुर्ग, ज्याच्या नांवावरून आंग्र्यांचें कुलाबा संस्थान व पुढें इंग्रजांचा कुलाबा जिल्हा झाला, आणि ज्या जिल्ह्याचें नांव १ जानेवारी १९८१ पासून रायगड आहे. गॅझेटियरें व अहवाल चाळणाऱ्यांची या दोहोंत फसगत झालेली आम्हीं पाहिली आहे. गंमत अशी कीं आपली वेधशाळा या कुलाब्याहून त्या कुलाब्याच्या दारांत येऊन बसली, त्यामुळें गोंधळास आणखीच जागा झाली.

मुंबईच्या कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा बांधिली ती जहाजांच्या कालमापकांस बिनचूक वेळ मिळावी म्हणून. म्हणजे मूळ हेतु व्यापाराचा, जिज्ञासेचा नव्हे. पुढें युरोपांत गॉस व वेबर यांनीं पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध निरनिराळ्या देशांत एकाच वेळीं घेण्याची पद्धति सुरू केली, इंग्लंडांत सेबाइन प्रभृतींनीं तिचा पाठपुरावा केला, आणि कंपनीनेंही मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई येथें असे वेध घेण्याचें पत्करिलें. मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनांतील प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या देखरेखीखालीं १८४१ सालीं चुंबकीय वेधांस आरंभ झाला. बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही कांहीं काळ या वेधशाळेचा कारभार होता. सिमला, सिंगापूर वगैरे ठिकाणचें काम थोड्याच वर्षांत आटोपलें; मुंबईचें मात्र टिकलें.

ऑर्लिबारांच्या हाताखालीं जे सहाय्यक वेध घेत त्यांत अष्टागरांतील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे हे होते. जन्म १८२४ चा, म्हणजे वेधशाळेंत शिरले तेव्हां ऐन पोरवय. पुढें पुण्याच्या कॉलेजांत गणिताचे प्रोफेसर, ग्रहसाधनाचीं कोष्टकें या ग्रंथाचे कर्ते, टिळकांचे गुरु, म्हणून केरूनाना सर्वांस ठाऊक आहेत. परंतु कुलाब्यास घालविलेल्या त्या वर्षांत त्यांचें काम काय होतें? दिव्याच्या उजेडांत दुर्बिणींतून मापपट्टीवरचा आंकडा वाचावयाचा, वहींत मांडावयाचा, आणि तासाभरानें पुन्हां तेंच. वर्षाचे तास ८,७६०. रविवार-सण वगळले तरी हजारों नोंदी. पुढें १८७२ च्या सुमारास छायाचित्राच्या कागदावर सुईची हालचाल आपोआप उमटविणारीं यंत्रें बसलीं, तोंपर्यंत हें सर्व माणसाच्या डोळ्यांनीं चाललें होतें. नांदगावच्या केशवांनीं विनावेतन केलें तेंच नागावच्या केरूनानांनीं सवेतन केलें. हा फरक हिशेबाच्या दृष्टीनें फार मोठा आहे. विद्येच्या दृष्टीनें नाहीं.

१८९६ सालीं नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले हिंदी प्रमुख झाले. त्यांच्या कारकीर्दींत मुंबईंतील घोड्यांच्या ट्रामी जाऊन विजेच्या येण्याचा विचार निघाला. ट्रामीची वीज रुळांतून परतते, तिचा कांहीं भाग जमिनींत पसरतो, आणि असल्या भटक्या प्रवाहानें नाजूक लोहचुंबकाची सुई भलतीकडेच डोलूं लागते. वेध घेणें चालूं राहिलें तरी तो पृथ्वीचा वेध न राहातां ट्रामीच्या वेळापत्रकाचा वेध झाला असता. तेव्हां मूस यांनीं समुद्रापलीकडे अलिबाग ही जागा निवडली. मुंबईहून फार दूर नाहीं, म्हणून जुनी मालिका जुळवितां येईल. आणि रेल्वे-ट्रामीचा उपद्रव नाहीं. इमारतीस पोरबंदरचा वाळूचा दगड वापरला, कारण त्यांत चुंबकत्व नाहीं. लोखंडाचा एक खिळादेखील चालावयाचा नव्हता. १९०४ सालीं अलिबागेस वेध सुरू झाले. मुंबईंत पहिली विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं धांवली. त्यापूर्वीं, १९०६ पर्यंत, कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन दोहोंमधील अंतर निश्चित करण्यांत आलें.

दोन वर्षें दुहेरी वेध, म्हणजे दुहेरी खर्च. आजचा एखादा काटकसरी हिशेबनीस यास उधळपट्टी म्हणेल. परंतु जुनी नक्कल टाकून देण्यापूर्वीं नव्या नकलेशीं ती अक्षरशः ताडून पाहाण्याचें महत्त्व पोथ्या संग्रह करणाऱ्यांस कोणीं शिकवावें? त्या दोन वर्षांच्या बळावरच कुलाबा व अलिबाग यांची मिळून एक मालिका झाली, आणि ती जगांतील दीर्घ व अखंड चुंबकीय मालिकांपैकीं एक गणली जाते. मूस यांनीं १८४६ ते १९०५ पर्यंतचे कुलाब्याचे वेध १९१० सालीं दोन जाड खंडांत छापून काढले. लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय वेध ट्रामीमुळेंच १९०८ सालीं स्कॉटलंडांत एस्कडेलम्यूर येथें न्यावे लागले, हें लक्षांत घेतलें म्हणजे अलिबागचा निर्णय किती वेळेवर झाला तें ध्यानीं येईल.

या मालिकेंतील एका दिवसाची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन नांवाच्या ज्योतिष्यानें सूर्यबिंबावर एक तीव्र उजाळा पाहिला. दुसरे दिवशीं मध्याह्नाच्या सुमारास कुलाब्याच्या यंत्रांत क्षितिजसमांतर चुंबकबळ एकदम कोसळलें. आजच्या परिमाणांत ही घट सुमारें १,६०० नॅनोटेस्ला भरते. येथलें एकंदर क्षितिजसमांतर बळ अडतीस हजारांच्या आसपास असतें, यावरून तिचा अंदाज यावा. युरोपांतील यंत्रांच्या सुया त्या वेळीं मापपट्टीबाहेर गेल्या. कुलाब्याच्या वेधकर्त्यांनीं मात्र तासाची वाट न पाहातां थोड्या थोड्या मिनिटांनीं आंकडे टिपले. त्यांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत; आंकडे राहिले आहेत.

ते आंकडे १४४ वर्षें वहींत व छापील खंडांत पडून होते. २००३ सालीं त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना व शोभना अलेक्स या चौघांनीं त्यांवरून त्या चुंबकीय वादळाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत कुलाब्याची ती घट संपूर्ण पृथ्वीभोवतींच्या विद्युत्प्रवाहामुळें झाली कीं तिचा कांहीं भाग स्थानिक होता, तासाची सरासरी घेतली तर वादळ किती लहान दिसतें, वगैरे वाद पुढें माजले व ते अद्याप पुरते मिटलेले नाहींत. परंतु त्या वादाचें मूळ साधन म्हणून कुलाब्याच्या नोंदीस पर्याय नाहीं. १३ मार्च १९८९ रोजीं अशाच, पण पुष्कळच सौम्य, वादळानें कॅनडाच्या क्वीबेक प्रांतांत साठ लाख लोकांची वीज नऊ तास बंद पडली. १८५९ सारखें वादळ आज आलें तर काय होईल, हा प्रश्न विचारणारे इंजिनियर कुलाब्याचाच कागद उलगडतात.

आतां माप काढूं. संशोधनाचा खर्च मोजावा ही कल्पना फार जुनी नाहीं. इंग्लंडांत बर्नाल यांनीं १९३९ सालच्या आपल्या ग्रंथांत असा अंदाज केला कीं इंग्लंड राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ टक्का, अमेरिका ०.६ टक्के आणि रशिया ०.८ टक्के शोधकार्यावर खर्च करितो. पुढें महायुद्धानंतर सर्वच राष्ट्रांस या मोजणीची गोडी लागली. पण प्रत्येकाची फूटपट्टी निराळी. तेव्हां जून १९६३ मध्यें रोमजवळील फ्रास्काती गांवीं श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं बसून एक सामाईक नियमावली ठरविली. गांवाच्या नांवानेंच ती ओळखली जाते, आणि तिची सातवी आवृत्ति २०१५ सालीं निघाली. भारत त्या संघटनेचा सभासद नाहीं. तथापि आपली मोजणीही साधारणपणें त्याच धोरणावर चालते.

या नियमावलीप्रमाणें एखादें काम संशोधन ठरावयास पांच लक्षणें लागतात. तें नवें असावें, स्वतःच्या कल्पनेनें केलेलें असावें, त्याचा शेवट आधीं निश्चित नसावा, तें पद्धतशीर असावें, आणि दुसऱ्यास तें पुन्हां करून पाहातां यावें. लक्षणें चांगलीं आहेत. आमच्या न्यायशास्त्रांतल्या अव्याप्ति-अतिव्याप्तीच्या कसोटीवर घांसूनच केलेलीं दिसतात. परंतु त्याच नियमावलींत असें उदाहरण दिलें आहे कीं रोजचें तापमान किंवा हवेचा दाब टिपून ठेवणें हें संशोधन नव्हे. तापमान मोजण्याची नवी रीत शोधणें हें संशोधन होय. सर्वसाधारण उपयोगासाठीं केलेलें नोंदसंकलन वगळावें. तें एखाद्या विशिष्ट शोधप्रकल्पासाठींच मुख्यतः केलें असेल तरच धरावें. नियम समजण्यासारखा आहे. तो नसता तर प्रत्येक सरकारानें आपलें हवामान खातें, जनगणना आणि मोजणीखातें संशोधनांत ढकलून आपली टक्केवारी फुगविली असती.

पण हा नियम १८५९ च्या त्या दुपारीं लावून पाहा. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत कुलाब्याचा वेधकर्ता ठराविक नोंद करीत होता. म्हणून त्याचें वेतन शोधव्ययांत नाहीं. दुसऱ्या तारखेस सुई कोसळली आणि त्यानें ठराविक वेळ सोडून अधिक आंकडे टिपले. आतां तो संशोधक झाला काय? झाला असल्यास किती तास? आणि २००३ सालीं चौघा विद्वानांनीं त्याचे आंकडे घेऊन निबंध लिहिला, त्या वर्षींचें त्यांचें वेतन मात्र निर्विवाद संशोधनांत जमा. पीक ज्यानें काढलें त्याचा खर्च शेतीच्या खात्यांत नाहीं, आणि दळणाऱ्याचा आहे, अशांतला हा प्रकार झाला.

याहूनही चमत्कारिक गोष्ट खात्यांच्या वांटणीची आहे. अलिबागची वेधशाळा १९७१ पर्यंत हवामान खात्याकडे होती. त्या वर्षीं भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली, ती पुढें विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या आश्रयाखालीं आली, आणि तिचें मुख्य ठाणें नंतर कुलाब्याहून नवीन पनवेलीस, म्हणजे याच जिल्ह्यांत, हललें. सांख्यिकींत बहुधा संस्था हाच एकक धरतात. ज्या संस्थेचें मुख्य काम सेवा, तिचा खर्च सेवेंत. ज्या संस्थेचें मुख्य काम शोध, तिचा खर्च शोधांत. तेव्हां तोच पोरबंदरी दगड, तीच खोली, तेंच यंत्र आणि तोच आंकडा, १९७० सालीं एका सदरांत व १९७२ सालीं दुसऱ्या सदरांत पडण्याचा पूर्ण संभव आहे. देशाचा शोधव्यय वाढला असें कोष्टक सांगेल. अलिबागेंत एक रुपयाही वाढलेला नसेल. ‘अमुक सालापासून अमुक पट वाढ’ असें वाक्य जेथें जेथें दिसेल तेथें तेथें मध्यंतरीं सदरें बदललीं काय, हें आधीं पाहावें, असें आमचें मत आहे.

दुसरी अडचण दुहेरी जमेची. पेशवाईंत हुजूर दप्तरानें एखाद्या महालावर वरात दिली म्हणजे ती रक्कम हुजूरच्या कागदांतही दिसते आणि महालाच्या हिशेबांतही. दोन्ही मिळविलीं तर एकाचे दोन होतात. आजही केंद्र सरकार विद्यापीठास द्रव्य देतें, विद्यापीठ त्यांतून प्रयोग करितें. म्हणून फ्रास्कातीचा नियम असा कीं देणाऱ्याचें विचारूं नका. ज्यानें प्रत्यक्ष काम केलें त्याच्या वहीवरून मोजा. नियम उत्तम. पण काम करणाऱ्याची वही मागावयाची तर तो ती देतो काय? सरकारी खात्यांच्या वह्या मिळतात. खाजगी कारखानदार पत्रास उत्तर धाडील तेव्हां खरें. २०२०-२१ च्या आंकड्यांत केंद्र सरकारचा वांटा ४३.७ टक्के, राज्य सरकारांचा ६.७, उच्च शिक्षणाचा ८.८, सरकारी उद्योगांचा ४.४ आणि खाजगी उद्योगांचा ३६.४ टक्के दिला आहे. यांतील पहिला आंकडा आम्हीं अस्सल मानूं. शेवटचा, नकलेची नक्कल समजून, थोड्या सावधपणें वापरूं.

इमारतीच्या हिशेबाचेंही असेंच. नियमाप्रमाणें बांधकामाचा सर्व खर्च ज्या वर्षीं झाला त्याच वर्षीं धरावयाचा. झीज धरावयाची नाहीं. म्हणजे अलिबागचें घर १९०४ च्या सुमारास एकदां मोजलें गेलें असतें, आणि पुढें एकशें वीस वर्षें तें संशोधनाच्या हिशेबांत फुकट उभें आहे. याच्या उलट राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्या पद्धतींत, जी आपल्याकडे २०११-१२ हें पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेपासून २०१५ सालीं आली, संशोधनाचा खर्च हा चालू खर्च न मानतां भांडवल मानतात. एका वहींत शोध म्हणजे खर्च, दुसरींत शोध म्हणजे संपत्ति. आम्हांस दुसरी वही जास्त शहाणी वाटते. १८५९ चा आंकडा दीडशें वर्षांनीं व्याज देतो, यास खर्च कसें म्हणावें?

टक्केवारीचा छेद जें राष्ट्रीय उत्पन्न, तेंही एका काळीं असेंच अंदाजावर होतें. १९४९ सालीं महालनोबीस, धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव या तिघांची समिति नेमली गेली, तेव्हांपासून त्यास सरकारी बैठक आली. त्या काळच्या अर्थव्यवहारांतील एक मोठे पुरुष, चिंतामणराव देशमुख, हे रायगडच्या पायथ्याचे, नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले, व भारतीय सांख्यिकी संस्थेचे दीर्घकाल अध्यक्ष होते, हें या किनाऱ्याच्या दृष्टीनें सांगण्यासारखें आहे. छेद वाढला म्हणजे अंश वाढूनही टक्का घटतो. वर दिलेल्या दहा वर्षांत रक्कम दुपटीहून अधिक झाली आणि टक्का मात्र वर चढला नाहीं, याचें एक कारण हेंच. चीनचा टक्का त्याच सुमारास अडीचच्या जवळ व दक्षिण कोरियाचा पांचाच्या जवळ होता. माप कितीही वांकडें असलें तरी इतकें मोठें अंतर मापाच्या दोषानें पडत नाहीं, हेंही प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. बर्नालच्या १९३९ सालच्या अमेरिकेशीं आपला आजचा आंकडा जुळतो ही गोष्ट गमतीची आहे. पण दोन्हींचीं सदरें निराळीं, म्हणून तीवर कांहीं उभारूं नये.

द्रव्याखेरीज माणसेंही मोजतात. एक मनुष्य वर्षभर सर्व वेळ संशोधन करील तर तो एक. निम्मा वेळ शिकवून निम्मा वेळ शोध करील तर अर्धा. या हिशेबानें २०२० सालीं भारतांत दर दहा लाख वस्तीस २६२ संशोधक होते. प्रोफेसर केरूनाना येथें पाऊण भरले असते कीं पाव? आणि इतिहाससंशोधकांचें काय? नियमावलींत इतिहास, भाषा, पुराणवस्तु यांस स्थान आहे. शोधाचा मान केवळ पदार्थविज्ञानास नाहीं. परंतु आपल्याकडील काम झालें कोणत्या रीतीनें तें पाहा. वरसईचे राजवाडे. १८९८ पासून त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले. त्यांची संख्या बावीसपर्यंत गेली. पायीं हिंडून, स्वतः शिजवून खाऊन, कोणाची चाकरी न करितां केलेलें हें काम. खर्चाच्या बाजूनें मोजावें तर तें जवळ जवळ शून्य येतें, कारण न दिलेलें वेतन खर्चांत मांडतां येत नाहीं. माणसांच्या बाजूनें मोजावें तर राजवाडे कोणत्याही संस्थेच्या हजेरीपटावर नाहींत. ज्या देशांत विद्येचा एवढा मोठा भाग विनावेतन झाला त्या देशाचें कोष्टक विद्येच्या बाबतींत नेहमीं थिटें दिसणार. म्हणून वेतन देऊं नये असा याचा अर्थ कोणीं काढूं नये. उलट, हातलिखितें जुळविण्यांत ज्यांनीं आपली पेन्शन घालविली आहे त्यांस याचा दुसरा अर्थ चांगला ठाऊक आहे. जें कोष्टकांत दिसत नाहीं त्यास पुढल्या वर्षींच्या अंदाजपत्रकांत जागा मिळत नाहीं. नोंदी ठेवणें हें संशोधन नव्हे असें एकदां ठरलें कीं वह्यांवर पत्र्याचें छप्पर घालण्यासही सदर सांपडत नाहीं.

फ्रास्कातीकरांनीं आपला नियम बदलावा असें आमचें म्हणणें नाहीं. नोंदसंकलन शोधांत मिसळूं नये. पण त्याचें स्वतंत्र सदर करून तेंही शेजारीं छापीत जावें, म्हणजे एकीकडे टक्केवारी फुगावयाची नाहीं आणि दुसरीकडे वेधकर्ता अदृश्य व्हावयाचा नाहीं. तसेंच सदरें ज्या वर्षीं बदललीं त्या वर्षाखालीं टीप असावी. शंभर वर्षांनीं आमच्यासारखा कोणी हे अहवाल घेऊन बसेल, त्यास एवढी सोय करून ठेवणें कठीण नाहीं.

आंकड्यांच्या दृष्टीनें अलिबागच्या वेधशाळेचा वार्षिक जमाखर्च १९०४ पासून आजपर्यंत एका कोष्टकांत मांडणें हें करण्याजोगें काम आहे. छापील अहवालांत वेध सविस्तर आहेत, खर्च त्रोटक. वेतनाच्या पावत्या, दगड व गलबताच्या भाड्याचे हिशेब, जागेच्या खरेदीचे कागद, वेधकर्त्यांच्या नेमणुकीचीं पत्रें अशा गोष्टी सरकारी दप्तराबाहेर खाजगी घरांतूनही सांपडण्याचा संभव आहे. कारण अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या बाजूच्या कित्येक कुटुंबांतील माणसें तेथें व मुंबईच्या कुलाब्यास नोकरीस असण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं त्याची नक्कल तारीखवार करून, फाटलेला भाग तसाच दाखवून, मंडळाकडे पाठवावी. रक्कम वाचतां न आली तरी चालेल. सदर मात्र जसेंच्या तसें उतरून घ्यावें.